गार नाक

खरं तेच सांगतो. माझ्या भाचीला 'रागीट' ठरवलं मशीननं. पण राग कसा दिसतो, हे त्या मशीनला शिकवणाऱ्यांत मी होतो.

भाचीचं नाव रुंजी. तेव्हा साडेचार वर्षांची. अक्काची, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची पोरगी. इचलकरंजीत अक्का आणि दाजी आठ माग चालवतात. जुने, धोट्याचे, खटखट वाजणारे. गावात सगळीकडं बिनआवाजी माग आले तरी आमच्या गल्लीत अजून हेच आहेत. खाली माग, वर घर. सकाळी सातला बटण दाबलं की फळीवरची भांडी नाचायला लागतात. मी दोन घरं सोडून राहतो, आणि मीही अशाच खटखटाटात वाढलोय.

आणि मशीनचं नाव मनकवडा.

अर्ध्या नारळाएवढं असतं. बालवाडीत फळ्याच्या वर लावायचं. आमच्या भागातल्या चाळीस बालवाड्यांत ते मीच लावलंय. मी बारावी नापास. कोडिंग मोबाईलवर बघून बघून शिकलो. त्यामुळं पुण्याच्या कंपनीनं घेतलं तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

मनकवड्याला दोन डोळे. एक साधा कॅमेरा, दुसरा उष्णता बघणारा. आपल्या चेहऱ्याच्या कातडीखाली चाळीसेक स्नायू असतात. भुवई वर गेली, ओठाचा कोपरा खाली आला, नाकपुडी फुगली, की साधा डोळा ते टिपतो. पण नुसतं टिपून काय कळणार? अशी भुवई म्हणजे राग, हे त्याला कुणीतरी सांगायला लागतं. म्हणून लाखो फोटो दाखवतात, आणि प्रत्येक फोटोखाली कुणा ना कुणा माणसानं लिहिलेलं असतं. आनंद. भीती. राग. दुःख. मशीनला राग माहीत नसतो. लोक कशाला राग म्हणतात, तेवढंच माहीत असतं.

कल्पना वाईट नव्हती, हेही सांगतो. जी बारकी पोरं सारखी मारामारी करतात, त्यातल्या बऱ्याच जणांना समोरच्याचा चेहरा नीट वाचता येत नाही. कुणाचा चुकून धक्का लागला तरी वाटतं, मुद्दाम मारलं. मग तीही मारतात. पोरगं तापायला लागलंय हे बाईंना थोडं आधी कळलं, तर पुढचं टळतं. आमच्या बालवाडीत चावाचावी खरंच निम्म्यावर आली. एक पोरगा दिवसभर कोपऱ्यात बसायचा. मनकवडा रोज त्याच्यावर 'दुखतंय' दाखवायचा. बाईंनी डॉक्टरकडं पाठवला, तर कानात वाटाणा!

बाई म्हणजे हसीना मुजावर बाई. तीस वर्षं बालवाडी चालवतायत. त्यांच्या कानात मनकवड्याचं एक बारकं यंत्र असायचं. पोरगं रागावलेलं दिसलं की मनकवडा लाल व्हायचा आणि त्या यंत्रातून आवाज यायचा, "चेहरा शांत ठेवा. आवाज खाली." बाई हे अगदी मनापासून पाळायच्या.

रुंजी जूनमध्ये बालवाडीत गेली. दिवाळीपर्यंत तिचे असे एकोणीस लाल शेरे झाले.

वीस झाले की पोराचं नाव वर्तन-नोंदीत चढतं. मग वर्षभर कोल्हापूरच्या खास वर्गात जायचं. आणि ती नोंद पुढं पहिलीच्या शाळेतही जाते. पोरगी वर्गात पाय टाकायच्या आधी तिची बातमी पोचलेली.

*

दिवाळीची सुट्टी लागायच्या दिवशी मी आणि अक्का रुंजीला आणायला गेलो. तन्मय नावाचा एक गोलमटोल पोरगा आईच्या कडेवर बसून रडत होता. त्याच्या दंडावर दातांचे वळ होते. रुंजीचे दात. तो एकोणिसावा लाल.

बाईंनी अक्काला फाटकापाशी बाजूला घेतलं.

"शीतल, आता अजून एक झाला की माझ्या हातात काही राहत नाही बघ."

"बाई, घरात ही कुणाला बोट लावत न्हाई हो."

"सगळ्या आया हेच म्हणतात गं."

"मी काय खोटं सांगायलोय?" अक्काचा आवाज चढला. मागांत राहून आमच्या सगळ्यांचाच आवाज चढलेला असतो. "रोज कोल्हापूरला न्यायची म्हणजे निम्मा दिवस गेला. माग कोण बघणार? ह्यांना एकट्याला आठ माग झेपत्यात व्हय?"

बाईंचा चेहरा एकदम सपाट झाला. समोरचं तापलं की चेहरा शांत, ही कानातल्यानं लावलेली सवय. रुंजी अक्काच्या पायामागं गेली. मी ते बघितलं आणि सोडून दिलं. तेव्हा काहीच कळलं नाही.

घरी जाताना अक्का माझ्यावर घसरली. "विन्या, ते डबडं तूच बसवलंस न्हवं? काढ की मग."

"असं काढता येत नाही, अक्का."

"बसवताना येतंय आणि काढताना येत न्हाई?"

"मी नुसता फिटर आहे गं."

"फिटर? पेढं वाटताना आई सगळ्यांना इंजिनेर म्हणून सांगत हुती."

*

पोराचं रेकॉर्ड आईच्या अंगठ्याशिवाय उघडत नाही. अक्कानं अंगठा दिला. सुट्टीत दुपारी बसून मी रुंजीचे एकोणीसच्या एकोणीस प्रसंग बघितले. नुसता लाल शेरा नाही, दोन्ही डोळ्यांनी काय काय टिपलं ते सगळं.

साधा डोळा सगळीकडं तेच म्हणत होता. राग, राग, राग.

उष्णतेच्या डोळ्याकडं आमच्या कंपनीत कुणी फारसं बघत नाही. पंखा चालू असला, पोराला शेंबूड आला, थंडी पडली, की त्याचे आकडे बिघडतात. म्हणून निकालात त्याला किरकोळ वजन. पण त्याला एक गोष्ट दिसते जी चेहऱ्यावर दिसत नाही. माणूस घाबरला की अंग आतलं रक्त सांभाळायला बघतं, बाहेरच्या बारक्या नसा आवळते. नाकाच्या शेंड्याला अशा नसा खूप. त्यामुळं भीती वाटली की दहा-पंधरा सेकंदांत नाकाचा शेंडा गार पडतो. अर्धा अंश, कधी एक अंश. चेहरा हसता ठेवता येतो, पण नाक आपल्या हातात नसतं.

एकोणीसपैकी सोळा वेळा रुंजीचं नाक मारण्याच्या आधी गार पडलं होतं.

पोरगी चिडत नव्हती. घाबरत होती.

कशाला? मी चित्र मागं घेतलं. ती कुणाकडं बघत होती ते शोधलं. कधी तन्मय. तो आपला बोट चोखत, कुठंतरी शून्यात बघत बसायचा. आणि बहुतेक वेळा, बाई.

एक प्रसंग मी दहादा बघितला. रुंजी बाईंकडं येते. भुवया कपाळावर, तोंड हे एवढं उघडं, दात दिसतायत, मान पुढं. मनकवडा : राग, सत्तर टक्के. बाईंच्या कानात आवाज जातो. बाई चेहरा शांत करतात. रुंजीचं नाक गार. ती चेहरा अजून मोठा करते. मनकवडा : राग, नव्वद. बाई अजून शांत. नाक अजून गार. आणि मग ती शेजारच्याला ढकलून देते.

आवाज लावून ऐकलं तर पोरगी पहिल्यांदा फक्त एवढं म्हणत होती, "बाई, पाणी."

*

आता माझं सांगतो.

मागाच्या शेडमध्ये कान उपयोगाचा नाही. अक्का एका टोकाला, दाजी दुसऱ्या टोकाला, मधे आठ माग ठोकतायत. तरी दोघं दिवसभर बोलतात. भुवया उचलायच्या, तोंड ताणायचं, एकेक अक्षर दातांवर आणून दाखवायचं. चहा हवा का, तिसऱ्या मागाचा धागा तुटला, तुझ्या आईचा फोन आलेला. सगळं चेहऱ्यावर. आमच्या गल्लीतली पोरं बोलायच्या आधी हे शिकतात. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला वाटतं, ही माणसं एकमेकांच्या अंगावर धावून जातायत.

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं माझी परीक्षा घेतली. दोनशे फोटो, प्रत्येकाखाली भावना लिहायची. पंच्याण्णव टक्के उत्तरं जुळली तर फोटो वाचायचं काम. मला पहिल्यांदा एकाहत्तर पडले. कारण भुवया वर, तोंड उघडं, दात दिसतायत असा फोटो आला की मी लिहायचो, 'बोलतोय'. त्यांच्या उत्तरात होतं, 'राग'.

दुसऱ्या वेळी मी सगळीकडं 'राग' लिहिलं. शहाण्णव पडले.

मग आमच्याच गावच्या पोरांचे फोटो आले. अकरा हजार. एकेका फोटोला चार सेकंद. 'पाणी दे' म्हणणारी पोरं, 'मला घे' म्हणणारी पोरं, सगळी मी रागात टाकली. ते चेहरे मला वाचता येत होते. माझ्या आईचा चेहरा तसाच आहे. पण आपण मागवाल्याचं पोरगं आहोत, हे मला त्या कामात कुठं दिसू द्यायचं नव्हतं.

आणि शांत चेहऱ्याचं म्हणाल, तर आमच्या घरात चेहरा एकाच वेळी थांबतो. अक्का खरोखर भडकली की. मग ती ओरडत नाही, भुवई हलवत नाही. चेहरा बंद. दाजी अशा वेळी गुपचूप उठून दुकानाला जातात.

म्हणजे रुंजीच्या हिशेबानं बाई पाच महिने रोज तिच्यावर भडकलेल्या होत्या. आणि शून्यात बघणारा तन्मयही.

*

अक्काला हे सगळं मी दुपारी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. माग बंद होते. अकरा हजार फोटोंचंही सांगितलं.

तिचा चेहरा बंद झाला.

दाजींनी ताट उचललं आणि ते मोरीकडं गेले. ताटात अजून भात होता.

माझं नाक त्या वेळी नक्की एक अंशानं उतरलं असणार.

मग अक्का म्हणाली, "म्हंजे आईच्या तोंडाकडं बघून तू राग लिहिलास."

मी मान हलवली.

"आता माझ्यासमोर मान हलवून काय उपयोग? बाईंच्यासमोर तोंड उघड."

"कंपनीला कळलं तर काम जाईल, अक्का."

"माग हाईत की. नववा टाकू, तो चालव." तिनं माझ्यासमोर ताक ठेवलं. म्हणजे बोलणं संपलं, आणि तोडलंही नाही.

*

सुट्टी संपल्यावर पहिल्याच मंगळवारी माझ्या बोलावण्यावरून बाई बालवाडी सुटल्यावर आमच्या शेडमध्ये आल्या. मी माझ्याकडचा तपासणीचा मनकवडा खिडकीत ठेवला आणि बाईंना फोटोंचं, गार नाकाचं, अक्काच्या बंद चेहऱ्याचं सांगून पडदा त्यांच्या हातात दिला. माग चालू होते. बाईंनी कानांवर पदर घट्ट धरला.

शेडच्या त्या टोकाला अक्का. या टोकाला पोत्यावर रुंजी. दोघींचं जोरात चाललं होतं. अक्काच्या भुवया पदरात शिरल्या, रुंजीनं जबडा ताणला, मान उडवली, हाताचे पंजे नाचवले. पडद्यावर दोन्ही चेहरे लालभडक. राग एक्क्याण्णव. राग चौऱ्याण्णव. राग एक्क्याण्णव.

बाई घाबरून माझ्या कानाशी ओरडल्या, "अरे, भांडतायत कशाबद्दल?"

मी ओरडलो, "भांडत नाहीत! अक्का म्हणतीय रात्री दोडका! रुंजी म्हणतीय बटाटा!"

बाईंनी परत बघितलं. मग त्यांना दिसलं. रुंजी मधेच पोट धरून हसत होती. पडदा म्हणत होता, राग अठ्ठ्याऐंशी. बाईंना इतकं हसू आलं की त्या दारातच बसल्या.

"कोण जिंकलं?"

"बटाटा!"

हसण्याच्या आवाजावर नाही, बाईंच्या हलणाऱ्या अंगावर रुंजीची नजर गेली. ती पोत्यावरून उतरून आमच्याकडं पळत आली. भुवया वर, तोंड उघडं, 'बाई, तुम्ही इथं कशा?' हे सगळं चेहऱ्यावर. पण बाईंच्या कानात यंत्र तसंच राहिलेलं. शहाण्णव टक्के लाल पोरगी अंगावर येतीय म्हटल्यावर ते बोललं. आणि पाच महिन्यांची सवय. बाईंचा चेहरा सपाट झाला.

रुंजी जागच्या जागी थांबली. पडद्यावर तिच्या नाकाचा ठिपका पिवळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा निळा.

बाईंनी पडदा बघितला. पोरीला बघितलं. मग कानातलं काढून मुठीत धरलं.

अक्कानं माग बंद केले. एकदम शांतता झाली की आमच्या कानात शिट्टी वाजते, तशी वाजली.

"विनायक," बाई हळूच म्हणाल्या, "पाच महिने मी या पोरीवर चिडून बसले होते. आणि मलाच माहीत नव्हतं."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बालवाडीच्या दारात उभ्या राहिल्या. कान मोकळा. रुंजी आली तशा त्यांनी भुवया उचलल्या, तोंड ताणलं आणि अजिबात आवाज न करता विचारलं, 'जेवून आलीस का?' इतकं वाईट केलं की ते 'जोंधळा आणलास का' असंही वाचता आलं असतं. रुंजी दोन मिनिटं बघत राहिली. मग तिनं चेहऱ्यानंच सांगितलं, 'पोहे.'

पण एका दिवसात सगळं गोड झालं असं नाही. त्याच आठवड्यात रुंजीनं तन्मयला परत ढकललं. विसावा लाल. फाईल तालुक्याला गेली.

बाईंनी फाईलला चार पानी पत्र जोडलं. मी कंपनीला पत्र लिहिलं. अकरा हजार फोटो चुकीचे आहेत, मला कळत असून चुकीचे लिहिलेत, सोबत सोळा वेळच्या नाकांचे आकडे. तीन दिवसांत फोटोंचं काम माझ्याकडून काढून घेतलं. फिटरचं राहिलं. आणि आठवड्यानं तिथल्या एका इंजिनिअर मुलीचा फोन आला. म्हणाली, "तुमच्या शेडमधले चेहरे पाठवता येतील का? पण खाली काय लिहायचं ते त्या पोरांच्या आया सांगतील. तुम्ही नाही." मला लागलं. पण बरोबर होतं.

तालुक्याच्या बालवाडी-अधिकारी मॅडमनी निकाल फेब्रुवारीपर्यंत पुढं ढकलला. तोवर मनकवडा चालू, लाल मोजणं बंद.

मधल्या काळात बाईंनी एक खेळ काढला. 'गार नाक'. कुणी गप्प दिसलं, कुणाचा चेहरा कळला नाही, की जाऊन त्याच्या नाकाच्या शेंड्याला बोट लावायचं आणि विचारायचं, भीती वाटती का? डिसेंबरात पंचाईत झाली. सगळ्यांचीच नाकं गार. अख्खी बालवाडी घाबरलेली. मग बाईंनी नियम केला की नाकावर जायचं नाही, उत्तरावर जायचं. नाक नुसतं विचारायला.

जानेवारीत मी मनकवड्याची काच पुसायला गेलो होतो. तन्मय नेहमीसारखा चेहरा थांबवून बसलेला. रुंजी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा हात वर गेला. मी शिडीवरच गार झालो.

तिनं त्याच्या नाकाला बोट लावलं. "भीती वाटती?"

"न्हाई."

"राग आलाय?"

"न्हाई."

"मग?"

तन्मयनं बोट तोंडातून काढलं. "शी आलीय."

"बाईईई!" मागांवर ऐकू जाईल अशा आवाजात रुंजी ओरडली. "तन्मयला शी आलीय!" आणि त्याचा हात धरून त्याला संडासाकडं ओढत घेऊन गेली. मनकवड्यानं लाल दाखवला. मी पुसायचं फडकं त्याच्यावर टाकून ठेवलं.

*

फेब्रुवारीत तालुक्याच्या मॅडम दोन दिवस बालवाडीत बसून गेल्या. निकाल शनिवारी अकरा वाजता फोनवर सांगणार होत्या. अक्कानं स्वतःचा नंबर द्यायच्या ऐवजी माझा दिला होता, कारण शेडमध्ये फोन ऐकू येत नाही.

मी शेडच्या बाहेर ओट्यावर बसलो. आत माग ठोकत होते. दारातल्या खिळ्याला तपासणीचा मनकवडा टांगलेला, इंजिनिअर मुलीसाठी चेहरे गोळा करत. शेजारी रुंजी सुताच्या रिकाम्या कांड्यांची आगगाडी करून खेळत होती. तिला यातलं काही सांगितलेलं नव्हतं.

अकराला पाच कमी. अकरा. अकरा वाजून चार मिनिटं.

रुंजीनं आगगाडी थांबवली. माझ्याकडं निरखून बघितलं. मग उठली आणि माझ्या नाकाच्या शेंड्याला बोट लावलं. फेब्रुवारीचं ऊन चांगलं तापलेलं होतं.

"मामा, गार हाय."

"हो."

"भीती वाटती?"

पाच वर्षांच्या पोरीला खोटं सांगायला माझ्याकडं काही कारण उरलं नव्हतं. "वाटती."

तिनं हातातली कांडी खाली ठेवली. मग माझ्या मांडीवर येऊन बसली आणि पाठ टेकली. "बस असाच," म्हणाली.

फोन वाजला. मॅडम मिनिटभर बोलल्या. नाव नोंदीत चढणार नाही. कोल्हापूर नाही. जूनमध्ये गल्लीतल्याच शाळेत नाव घालायचं. शिवाय आमच्या गावातल्या लाल झालेल्या सगळ्या पोरांच्या फायली परत उघडणार, एकूण बासष्ट. मी 'हो मॅडम' एवढंच म्हणत होतो.

रुंजीला काखेत मारून मी शेडच्या दारात गेलो. अक्का पार त्या टोकाला, पाठमोरी, तुटलेला धागा ओवत होती. वाट बघत असताना ती धागा ओवत बसते. तिनं मान वळवली. तिच्यापर्यंत आवाज पोचणं शक्य नव्हतं.

तीन वर्षांत मी तसा बोललो नव्हतो. भुवया उचलल्या. जबडा ताणला. सगळे दात दिसू दिले, मान पुढं काढली, एकेक अक्षर ओठांवर आणलं. इथंच. शिकणार. पोरगी.

दारातला मनकवडा लाल झाला. राग, शहाण्णव टक्के.

रुंजी आधी माझ्या तोंडाकडं बघत होती. तिनं ते वाचलं, दोन्ही हात वर केले, आणि आठ मागांच्या पलीकडं आपल्या आईला तेच परत एकदा, माझ्यापेक्षा मोठ्या चेहऱ्यानं सांगितलं.